नासरेथची तीस वर्षे आणि आपला डिसेंबर

नागपुरात डिसेंबर लागला की ख्रिस्ती घरांना संध्याकाळ उरत नाही. सदर, मोहननगर, मेकोसाबाग, जरीपटका, अजनी, पलीकडे कामठी. कुठल्याही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फलकावरचे वेळापत्रक वाचून पाहा. महिला मंडळाचा नाताळ, संडे स्कूलचा नाताळ, तरुण संघाचा नाताळ, घरोघरी नाताळगीते गात जाणाऱ्या कॅरल फेऱ्या, नाटकाच्या तालमी, गायनवृंदाचा सराव, चोवीस तारखेची रात्रीची उपासना, पंचवीसची सकाळ, प्रीतिभोजन, खेळांच्या स्पर्धा आणि एकतीसला वॉच नाईट, म्हणजे सरत्या वर्षाची रात्रीची उपासना. दिवसा विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, मोर्चे आणि बंदोबस्त यांनी सिव्हिल लाइन्स, सदरचे रस्ते अडलेले असतात. रस्ते मोकळे झाले की आपल्या गाड्या निघतात, त्या रात्री उशिरा परततात. यातल्या प्रत्येक कार्यक्रमामागे खपणारी प्रामाणिक माणसे आहेत. मी त्यांच्यात वाढले, त्यांच्यासोबत कमिटीत बसले आणि त्यांच्यावर माझे प्रेम आहे. तरीही माझे स्पष्ट म्हणणे आहे की हे वेळापत्रक निम्म्याहून कमी करावे, आणि वाचलेल्या संध्याकाळी मंडळीने घरांना परत द्याव्यात. घरांत बरेच काही पडून राहिले आहे, आणि ते पडून राहायला आपला डिसेंबर हातभार लावतो.

हा मंडळीच्या आतला मामला आहे, तो चारचौघांत कशाला, असे काहीजण विचारतील. पण म्हाताऱ्या आईबापांना कोण पाहते, घरातले काम कोण उपसते, बहिणीचा वाटा कुठे जातो, हे प्रश्न या शहरातल्या प्रत्येक घराचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नाहीत. एवढ्या लहान समाजाने आपल्या सणातून या प्रश्नांना हात घातला तर तो शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडेल.

शुभवर्तमाने म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी सांगितलेली येशूची चार चरित्रे. त्यांत नाताळच्या रात्रीला किती जागा आहे ते पाहा. चौघांपैकी मार्क आणि योहान येशूच्या जन्माची हकीकत सांगतच नाहीत. मत्तय आणि लूक सांगतात, पण दोघेही तिथून लवकरच घराकडे वळतात. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्यामागून येतात, तेव्हा ते घरात जातात आणि बाळाला आईजवळ पाहतात. आपण देखाव्यात त्यांना गोठ्यात, मेंढपाळांच्या बाजूला उभे करतो. त्यानंतर मिसर देशात पळून जाणे, परत येणे आणि नासरेथ गावी राहणे. लूक मंदिरात हरवलेल्या बारा वर्षांच्या मुलाची एक गोष्ट सांगतो, मग तो आईबापांबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला असे लिहितो, आणि पुढची सगळी वर्षे तेवढ्यावर सोडून देतो. येशूने कार्याला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, हेही लूकच नोंदवतो. ज्याला आम्ही देवाचा पुत्र म्हणतो त्याचे पृथ्वीवरचे बहुतेक आयुष्य एका आडगावातल्या घरात, सुतारकामात आणि आईबाप-भावंडांत गेले. उपदेश, चमत्कार, वधस्तंभ हे सारे त्यानंतरच्या थोडक्या वर्षांतले आहे.

मला ही गोष्ट अतोनात मोलाची वाटते. देव माणूस झाला एवढ्यावर आमचा विश्वास संपत नाही. तो कुणाच्या तरी घरातला माणूस झाला. त्याने लाकूड तासले असेल, पाणी भरले असेल, आजाऱ्याच्या उशाशी बसला असेल. मरीयेचा नवरा योसेफ पुढे शुभवर्तमानांत दिसत नाही, तो लवकर वारला असावा असे परंपरा मानते. तसे असेल तर विधवा आई आणि कमावता थोरला मुलगा हा आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी दिसणारा संसारही येशूने स्वतः केला. नासरेथचे लोक त्याला ओळखत होते ते या घरावरून. मार्काच्या सहाव्या अध्यायात ते म्हणतात की हा सुतार नव्हे काय, मरीयेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ. (कॅथलिक परंपरा त्यांना सख्खी भावंडे मानत नाही, तो वाद इथे नको.) पुढे ते म्हणतात, याच्या बहिणीही इथेच आपल्यात आहेत. भावांची नावे आली, बहिणींची आली नाहीत. या ओळीपाशी मी दरवेळी थांबते, आणि का थांबते ते पुढे येईलच.

आपला नाताळ येशूच्या जन्मगावच्या, बेथलेहेमच्या, एका रात्रीभोवती फिरतो, नासरेथपर्यंत तो पोहोचत नाही. सणाचे हे रूप काही आकाशातून पडलेले नाही. रोममध्ये २५ डिसेंबर पाळल्याची सर्वांत जुनी नोंद ३३६ सालची आहे. गव्हाणीचा देखावा असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ मध्ये मांडला आणि तिथून तो जगभर गेला. माणसांनी भक्तीने घडवलेले रूप माणसांनी भक्तीने बदलले तर त्यात कसली अश्रद्धा?

आता घरात येऊ. नाताळच्या आधीचे आठवडे म्हणजे भिंतींना रंग, पडदे धुणे, भांडी घासून काढणे, करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा. ज्या घरांत अजून बेकरीच्या भट्टीवर केक भाजून आणतात तिथे मैदा, साखर, अंडी, सुकामेवा घेऊन रांगेत उभे राहणेही आले. सोबत नोकरी, मुलांच्या चाचण्या आणि नाटकासाठी देवदूताचे पंख शिवणे. पुरुष तारा टांगतात, दिव्यांची माळ लावतात, मटण आणतात. बाकीचे कोण करते ते मी सांगायला नको. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. मुळात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस होते, स्त्रिया एक्याऐंशी. हे आकडे सर्व धर्मांचे आणि रोजच्या दिवसांचे आहेत. सणाच्या महिन्यात स्त्रीच्या वाट्याला काय येत असेल त्याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

कॅरल फेरीचेच घ्या. मला ती फार आवडते. नागपूरच्या डिसेंबरातली थंडी, स्वेटर-मफलर गुंडाळलेली पोरे, ढोलक, गिटार, रस्त्यावर दरवाजे उघडून उभे राहिलेले सगळ्या धर्मांचे शेजारी. हे सुख मला कुणाकडूनही हिरावून घ्यायचे नाही. पण रात्री अकराला पंचवीस-तीस जण दारात येतात तेव्हा आत गॅसवर चहाचे पातेले चढवून कुणीतरी उभी असते. आमच्या ओळखीच्या एका बाईंना मी विचारले, यंदा कोणते नवे गाणे आवडले? त्या म्हणाल्या, "मले कुठलं माहीत बाई, मी तर दरवर्षी स्वयंपाकघरातूनच ऐकून राहिली." यात त्यांची तक्रारही नव्हती. तीस वर्षांच्या संसारात त्यांना हे असेच असते असे वाटू लागले होते, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले.

मंडळीत मार्था आणि मरीया या बहिणींवरचा उपदेश वर्षातून एकदा तरी होतो (ही मरीया येशूची आई नव्हे). लूकच्या दहाव्या अध्यायातली मार्था कामात गुंतलेली, मरीया येशूच्या पायांशी ऐकत बसलेली, आणि येशू म्हणतो की मरीयेने चांगला वाटा निवडला. बायकांना सांगितले जाते, मरीयेसारख्या व्हा. ती बसली तर स्वयंपाक कोण करील, याचे उत्तर वेदीवरून येत नाही. शास्त्रात मात्र ते आहे. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू तलावाकाठी निखारे पेटवतो, त्यावर मासळी भाजतो आणि रात्रभर राबून आलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. मरणावर जय मिळवलेल्या प्रभूने स्वयंपाक केला, आणि त्याचे नाव घेणारा पुरुष जेवून उठल्यावर ताट तसेच टाकतो, याकडे आपण काहीच झालेले नाही असे पाहत राहतो. विदर्भातल्या पुरुषांना स्वयंपाक येत नाही हे म्हणणेही मी मान्य करणार नाही. प्रीतिभोजनाला शंभर माणसांचे मटण हंड्यावर शिजवणारे हात मी पाहिले आहेत. तेच हात घरी कणीक मळू शकतात.

म्हाताऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू धर्मपंडितांवर चिडतो. आईबापांना माझ्याकडून जे मिळायचे ते मी देवाला अर्पण केले आहे, असे जाहीर केले की मुलगा त्यांच्या सांभाळातून मोकळा होई, आणि धर्माचे जाणकार त्याला मान्यता देत. येशूने याला देवाची आज्ञा मोडणे म्हटले. हा उतारा मी पैशांच्या संदर्भातच ऐकत आले होते. अलीकडे तो मला वेळेच्या संदर्भात ऐकू येतो. एका घरात मुलगा गायनवृंदात, सून महिला मंडळात, नातवंडे नाटकात. सगळेच मंडळीचे खांब. आजोबांची स्मरणशक्ती गेलेली, संध्याकाळ झाली की ते घाबरतात, दाराशी जाऊन उभे राहतात. डिसेंबरभर त्यांच्याजवळ एक कामवाली मुलगी बसते. आजी हयात होत्या तेव्हा मी एकदा त्यांना म्हटले, तुम्ही तरी थांबवा ना कोणाला घरी. त्या म्हणाल्या, "देवाच्या कामाला जाऊन राहिले ते, मी कशी नाही म्हणू?" ज्यांनी या घराला जन्म दिला त्यांना बोलता येऊ नये अशी पवित्र सबब आपण तयार केली आहे. तो मुलगा वाईट नाही. त्याला कुणी विचारले असते तर तो थांबलाही असता. मंडळीनेच त्याला कधी विचारले नाही, उलट तालमीला उशीर झाला म्हणून बोल लावला.

आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांकडे यासाठी एक चांगली गोष्ट आहे. नाताळनंतरचा रविवार ते पवित्र कुटुंबाचा सण म्हणून पाळतात. हा सणही फार जुना नाही. १९२१ मध्ये तो सगळ्या कॅथलिक चर्चला लागू झाला आणि १९६९ च्या सुधारणेत नाताळनंतरच्या रविवारी आला. त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यांत सिराखच्या पुस्तकातला एक आहे. बापाची समज गेली तरी त्याला सांभाळून घे, तू धडधाकट आहेस म्हणून त्याचा अवमान करू नकोस, असे तो पुत्राला बजावतो. हे पुस्तक आम्हा प्रॉटेस्टंटांच्या पवित्र शास्त्रात नाही, पण हे वाक्य कुठल्याही ख्रिस्ती घराच्या भिंतीवर शोभेल. १९६४ च्या जानेवारीत पोप पॉल सहावे नासरेथला गेले तेव्हा त्या घरापासून आपण मौन, कुटुंबजीवन आणि श्रम शिकावेत असे ते म्हणाले होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी हा रविवार उचलावा. कॅथलिक मंडळ्यांनीही तो एका वाचनापुरता न ठेवता खरा पाळावा, कारण त्या रविवारी निम्मे लोक गावी असतात आणि उरलेले दमलेले.

मुले पुण्याला, हैदराबादला, आखातात गेलेली आणि मोठ्या घरात दोघेच म्हातारे, अशी घरे आता प्रत्येक मंडळीत आहेत. नाताळला ही मुले येतात. आठवडाभराची सुट्टी, तीही उपासना, प्रीतिभोजने आणि जुन्या मित्रांत वाटली जाते. आईबापांशी पुढच्या वर्षाचे बोलायचे असते. मोतीबिंदूचे ऑपरेशन, औषधांचा खर्च, रात्री कोण सोबत असेल, बँकेत नॉमिनी कोण. ते बोलणे स्टेशनवर निघताना दारात होते, किंवा होतच नाही.

याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मंडळी तिच्यावर कधीच बोलत नाही. नाताळला बहीण माहेरी येते. वडील वर्ष-दोन वर्षांपूर्वी गेलेले असतात. आखीव पत्रिकेवर, म्हणजे मिळकतीच्या सरकारी नोंदीत, अजून त्यांचेच नाव असते. जेवणे होतात, केक कापला जातो आणि मग भाऊ एक कागद पुढे करतो: हक्कसोडपत्र. सब-रजिस्ट्रारकडे कधी जायचे ते ठरलेले असते, कारण तिची परतीची गाडी तीस तारखेची. बहीण सही करते. कधी खुशीने, बहुतेकदा माहेर तुटू नये म्हणून. घर भावाचे होते, बहिणीला साडी मिळते.

भारतीय वारसा कायदा, १९२५ हा ख्रिस्ती लोकांना लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना समसमान, मुलगा-मुलगी भेद नाही. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने वारस ठरण्यासाठी केंद्रीय कायद्यात २००५ पर्यंत थांबावे लागले. आमच्याकडे समान वाट्याचा नियम निदान १९२५ पासून पुस्तकात आहे. केरळातल्या त्रावणकोर भागातल्या ख्रिस्ती मुलींना तो नव्हता. तिथल्या जुन्या कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतले कमी असेल ते मिळे. मेरी रॉय या बाईंनी भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून १९८६ मध्ये तो अन्याय मोडला. नागपुरात मुळे त्या भागात असलेली कितीतरी मल्याळी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, त्यांच्या घरात हा इतिहास माहीत आहे. कायदा आमच्या बाजूने आहे. तो घराच्या उंबऱ्याशी थांबतो, कारण हक्क मागणाऱ्या बहिणीला लोभी ठरवायला सगळे तयार असतात, मंडळीचे धर्मगुरू म्हणजे पाळकसुद्धा.

पवित्र शास्त्रात याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहतात. आमच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे नाव कुळातून का पुसावे, आम्हाला वतन द्या, असे म्हणतात. मोशे देवाला विचारतो आणि देव सांगतो की त्यांचे म्हणणे रास्त आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा: पाचही नावे तिथे लिहिलेली आहेत, एकदा नाही तर अनेकदा. नासरेथच्या बहिणींची नावे आपल्याला मिळाली नाहीत. या पाचजणींची मिळाली, कारण त्या चारचौघांत बोलल्या. संडे स्कूलमध्ये आमच्या मुलींना एस्तेर, रूथ शिकवतात, मरीया तर शिकवतातच. या पाचजणी मला तिथे कधी भेटल्या नाहीत. त्या शिकवल्या गेल्या पाहिजेत, आणि मुलांनाही.

बहिणीने सहीच करू नये असे मी म्हणत नाही. आईला सांभाळणारा भाऊ गरीब असेल, बहीण सुखात असेल, तर तिने स्वखुशीने वाटा सोडणे हे सुंदर दान आहे. दान ठरायला मात्र आधी ते तिचे होते हे घराने मान्य केले पाहिजे. नाताळच्या जेवणावर, परतीच्या गाडीची वेळ दाखवत घेतलेली सही तशी नसते.

मराठी ख्रिस्ती लोकांना तर घरातून विश्वासाकडे पाहण्याची परंपरा आहे, आणि तिचा एक धागा याच शहरातून जातो. कवी नारायण वामन टिळक नागपुरात संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबलमधला नवा करार दिला, तिथून सगळे सुरू झाले. १८९५ मध्ये त्यांचा मुंबईला बाप्तिस्मा झाला, आणि घर दुभंगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, फार सोसले, मग परत आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त धर्मांतराची एवढी मोठी गोष्ट येते ती चूल, पाणी, सोवळे, आजारपणे, नवऱ्याचा तापट आणि उधळा स्वभाव, भांडण आणि समेट यांतून. टिळकांची भजने आम्ही दर रविवारी गातो. लक्ष्मीबाईंनी दाखवलेली जागा, जिथे ख्रिस्त स्वयंपाकघरात आणि नवरा-बायकोच्या वादात भेटतो, ती मात्र आपल्या उपासनेत फारशी येत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. पहिला मला खरोखर वजनदार वाटतो. आपण संख्येने थोडे. वर्षातून एकदा रस्त्यावर दिसलो, गायलो, दिवे लावले, तर आपण या शहराचेच आहोत हे दिसते. तेही बंद करायचे का? बंद करू नये. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला चोवीसच्या रात्री सगळ्या धर्मांचे नागपूरकर येतात, मेणबत्त्या लावतात, ते तसेच चालू राहावे. पण शेजारी आपल्याला ओळखतात ते मुख्यतः घरावरून. दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो, नाताळला करंज्या आणि केकचे ताट त्यांच्याकडे जाते. आमच्या आईवडिलांना आम्ही कसे वागवतो, सून घरात कशी आहे, भावाबहिणीचे पटते का, हे बाजूच्या घराला भिंतीतून कळते. रस्त्यावरच्या गाण्याला त्या घरातून पाठबळ लागते.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. येशूने स्वतःच कुटुंबाला दुय्यम मानले, माझी आई कोण आणि माझे भाऊ कोण असे विचारले, देवाच्या इच्छेप्रमाणे करणारा तो माझा भाऊ, बहीण व आई असे म्हटले. खरे आहे, आणि जे कुटुंबालाच देव करतात त्यांनी हे वाक्य रोज वाचावे. पण ज्याने हे म्हटले त्यानेच वधस्तंभावरून आईला शिष्याच्या हाती सोपवले, आणि त्या घडीपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. येशूने घराच्या भिंती लांबवल्या, घर पाडले नाही. म्हणून संध्याकाळी घरांना परत द्या असे म्हणताना मला दारे लावून बसलेली घरे नको आहेत. नागपूरच्या रुग्णालयांत नाताळच्या रात्री पाळीवर असणाऱ्या परिचारिकांत आमच्या किती मुली आहेत! वसतिगृहात राहणारी, झारखंड-छत्तीसगडहून शिकायला आलेली पोरे आहेत. विधुर आहेत, लग्न न केलेल्या मावश्या आहेत, नवऱ्याने टाकलेल्या बाया आहेत. त्यांच्यासाठी मंडळीच घर आहे, आणि कार्यक्रम कमी झाले तर सर्वांत आधी हीच माणसे एकटी पडतील ही भीती रास्त आहे. यावर उपाय एवढाच की मंडळीने कार्यक्रमांच्या याद्या करतो तशी यादी करावी: कोणाच्या ताटाला कोणते घर. दोन पाळ्यांमध्ये चार तास मिळणारी परिचारिका सभागृहातल्या खुर्चीपेक्षा कुणाच्या तरी ओसरीवर, पाय वर घेऊन, गरम जेवणाजवळ जास्त सुखी होईल. मी हे एका मुलीकडून ऐकले आहे. तिला कार्यक्रमाला सहाजणांनी बोलावले होते, घरी जेवायला कुणीही नाही.

तरुणांचे काय, तालमीत तर ती जोडली जातात, असा प्रश्न मला तरुण संघातल्या एका मुलाने फार मनापासून विचारला. त्याचे नाटक राहू द्या. एकच नाटक, सगळ्या संघांचे मिळून, आणि त्याच्या तालमी नोव्हेंबरात. कॅरल फेऱ्या दोन-तीनच ठेवाव्यात आणि त्या ज्या घरांकडे कुणी जात नाही तिकडे न्याव्यात: वर्षभरात जिथे मृत्यू झाला, जिथे कुणी अंथरुणाला खिळले आहे, जे कुटुंब भांडून मंडळीतून दूर गेले आहे. चहा मंडळीने थर्मासमध्ये सोबत न्यावा. पाळकांनी डिसेंबरातले निम्मे भाषण-समारंभ टाळून या घरांत अर्धा तास बसावे. नाताळनंतरच्या रविवारची उपासना लहान असावी, प्रभुभोजन आणि एक उतारा, आणि मग दुपार, संध्याकाळ पूर्ण घराची. त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांनी करावा, हे वेदीवरून सांगावे, आणि सांगणाऱ्याने आधी स्वतः करावे. विवाहपूर्व वर्गात वारसा कायद्याचे एक सत्र असावे, वकिलाला बोलावून. ख्रिस्ती वकील या शहरात कमी नाहीत.

हे ठरवायची वेळ डिसेंबरात निघून गेलेली असते. बहुतेक मंडळ्यांचे वेळापत्रक ऑक्टोबरच्या बैठकीत पक्के होते, गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून आणि त्यात एखादी भर घालून. त्या बैठकीला रात्रपाळीची एक परिचारिका, आजारी सासऱ्यांना सांभाळणारी एक सून, एकट्या राहणाऱ्या एक आजी आणि वसतिगृहातला एक मुलगा यांना आवर्जून बोलवावे. गेल्या वर्षीचा कागद बाजूला ठेवून आधी त्यांना विचारावे, डिसेंबरात तुम्हाला कोणत्या संध्याकाळी मोकळ्या हव्यात, आणि कोणासाठी. त्यांची उत्तरे लिहून घ्यावीत, आणि उरलेल्या तारखांत कार्यक्रम बसवावेत.